देवगिरीवर एका पैचा हिशेब

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गुलमंडीजवळच्या आमच्या कापडाच्या दुकानात रिवाजाप्रमाणे वहीपूजन झाले. धाकट्या भावाने नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढले, 'शुभ' आणि 'लाभ' लिहिले. पण या वर्षी त्याचे मन वहीत नव्हते. त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकेच्या पुण्यातील तंत्रज्ञान केंद्राने तिची ग्रॅज्युएट प्रोग्रॅमसाठी निवड केली होती आणि होकार कळवायला पंधरा दिवसांची मुदत दिली होती.

भावाचा विरोध पुण्याला नव्हता, पगाराला तर नव्हताच. त्याची अडचण वेगळी होती. "दादा, तू अडतीस वर्षे बँकेत काढलीस. तुझे काम काय होते ते मला कळत होते. ही म्हणते बँकेत लागणार, पण हिला गिऱ्हाईक दिसणार नाही, रोकड दिसणार नाही, वही दिसणार नाही. मग हे बँकेचे काम कसे?" पुतणीने त्याला समजावून पाहिले होते, तथापि माझ्या लक्षात आले की तीच शंका तिच्याही मनात आहे. ती मला एकटीला गाठून म्हणाली, "काका, मला भीती वाटते ती अभ्यासाची नाही. पडद्यावरच्या आकड्यांत मला माणूस दिसेनासा होईल, याची वाटते."

अशा प्रश्नाला घरात बसून उत्तर सुचत नाही. मी म्हटले, "रविवारी देवगिरीला जाऊ. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन चढलो होतो; आता तू माझा हात धर."

सकाळी लवकर निघालो. बरोबर दशम्या, चटणी आणि गाळलेले पाणी घेतले होते. सूर्यास्तापूर्वी घरी परतून जेवायचे होते. छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे पडले. दौलताबादच्या वाटेवर सीताफळांच्या टोपल्या मांडून बाया बसल्या होत्या. गाडीत मी तिला आमच्या वडिलांविषयी सांगत होतो. त्यांच्या तरुणपणी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि बाजारात हाली सिक्का चालत असे. त्या चलनाचा कारभार पाहण्यासाठी १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि १९४२ मध्ये तिचे कामकाज सुरू झाले. पुढे ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि मराठवाड्यातील कित्येक घरांना बँक म्हणजे तीच एक ठाऊक होती. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. "पाटी बदलली," मी म्हटले, "चलन बदलले, राज्यही बदलले. ज्याची ठेव होती त्याची ती राहिली. एवढे एक काम बँकेने चुकवायचे नसते."

महाकोटाच्या दरवाजातून आत शिरलो. हत्ती हौद, भारतमातेचे मंदिर, चाँद मिनार पाहत आम्ही हळूहळू पुढे सरकलो. मिनाराच्या सावलीत थांबलो तेव्हा मी तिला १२९६ सालची हकिकत सांगितली. अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. यादवांचे मुख्य सैन्य बाहेर होते. राजा रामचंद्रदेव किल्ल्यावर गेला आणि धान्य म्हणून घाईने पोती वर चढवण्यात आली. वेढा पडल्यावर पोती उघडली तेव्हा त्यांत धान्य नव्हते, मीठ होते, अशी कथा तवारिखांत येते. ज्या कड्यावर मुंगीलाही चढणे अवघड, तो किल्ला अखेर तहाला आला.

पुतणी हसली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "म्हणजे पोत्यावर धान्याची खूण होती आणि कोणी उघडून पाहिले नाही. आमच्याकडे याला डेटाची पडताळणी म्हणतात. मुलाखतीत मला हेच विचारले होते. एका शाखेतून आलेली माहिती चुकीच्या रकान्यात पडली, तर ती पुढच्या प्रणालीत शिरण्यापूर्वी कशी अडवाल?"

त्या एका वाक्याने माझे अर्धे काम झाले. मी तिला तिच्या निवडीविषयी विचारत गेलो आणि ती पायऱ्या चढता चढता सांगत गेली. प्रथम संगणकावर प्रोग्रॅमिंगची परीक्षा. मग तंत्रज्ञानाच्या मुलाखती. शेवटची मुलाखत स्वभावाची: चूक झाली तेव्हा काय केलेस, सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा कसे वागलीस. रुजू झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे प्रशिक्षण, त्यानंतर ठरावीक काळ एका विभागात, मग दुसऱ्या विभागात, आणि सोबत एक अनुभवी मार्गदर्शक. कोणी व्यवहारांच्या प्रणाली लिहितो, कोणी सायबर सुरक्षा पाहतो, कोणी आकडेवारीतून फसवणुकीचे माग काढतो, तर कोणी रात्रंदिवस प्रणाली चालू राहील याची राखण करतो. बार्कलेज, यूबीएस, सिटी, डॉइश बँक, एचएसबीसी अशा बँकांची मोठी तंत्रज्ञान केंद्रे आज पुण्यात आहेत. त्यांतील काही खराडीला, आपल्याकडून नगरमार्गे पुण्यात शिरताना वाघोलीनंतर जो भाग लागतो तेथे आहेत. आपल्या मुलांचा पुण्यातील पहिला थांबाच तो.

आता आम्ही खंदकावर आलो होतो. सबंध डोंगर तासून केलेली ती खोल चर आणि तिच्यावरची एकच अरुंद वाट. पुढे अंधारी. वटवाघळांच्या वासाने भरलेल्या त्या वळणावळणाच्या भुयारी जिन्यात शिरलो आणि तिने मोबाईलचा दिवा लावला. एका वळणावर मी तो मुद्दाम विझवायला लावला. शत्रू येथवर पोहोचलाच, तर या काळोखात त्याला आपला कोण आणि परका कोण हे कळत नसे. वरून धूर सोडण्याची सोयही होती. दरवाजे एकापुढे एक सरळ रेषेत ठेवलेले नाहीत, आणि दारांवर हत्ती धडकू नयेत म्हणून अणकुचीदार खिळे. किल्ला बांधणाऱ्याने कोणत्याही एका भिंतीवर विश्वास ठेवला नाही. पहिली पडेल असे गृहीत धरून त्याने दुसरी बांधली. "सुरक्षा विभागात हेच शिकवतात," काळोखातून तिचा आवाज आला, "पासवर्ड चोरीला जाईल असे धरूनच पुढची कडी घालायची."

बाहेर उजेडात आल्यावर एका कट्ट्यावर बसलो आणि शिदोरी सोडली. समोर दौलताबादचे मैदान पसरले होते. याच ठिकाणी १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने स्वीकारावीत असा हुकूम केला. तसली नाणी या दौलताबादच्या टांकसाळीतही पडली. कल्पना वेडगळ नव्हती. आजची आपली नोट तरी कागदाचीच आहे. परंतु खरे नाणे आणि खोटे नाणे ओळखण्याची सोय राज्याने केली नव्हती. घरोघर नाणी पाडली जाऊ लागली, व्यापाऱ्यांनी ती घेणे नाकारले आणि अखेर सुलतानाला खजिन्यातून चांदी देऊन ती परत घ्यावी लागली. हुकमाने चलन काढता येते, पण त्यावरचा भरवसा हुकमाने निर्माण होत नाही. आज मोबाईलवरून क्षणात पैसे जातात. २०१६ मध्ये यूपीआय आले तेव्हापासून भाजीवालीसुद्धा कागदाच्या चौकोनाकडे बोट दाखवते. तो पैसा हाताला लागत नाही. तो खरा आहे हे सांगणारी यंत्रणा कोणीतरी अहोरात्र जागती ठेवतो, म्हणून ती भाजीवाली निर्धास्त असते.

येथे वाचकांसाठी थोडी व्यावहारिक माहिती देतो, कारण परतल्यावर आमच्या मंदिरात दोन-तीन पालकांनी तीच विचारली. परदेशी बँकांचे कार्यक्रम ही एक वाट झाली. त्यांची निवड बहुधा महाविद्यालयातूनच आणि तृतीय वर्षानंतरच्या इंटर्नशिपमधून होते. काही बँका विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धाही घेतात. दुसरी वाट सरकारी बँकांची. आयबीपीएस दरवर्षी विशेषज्ञ अधिकाऱ्यांची परीक्षा घेते आणि तीत माहिती तंत्रज्ञान अधिकारी हे पद असते. वयाची सर्वसाधारण मर्यादा २० ते ३० वर्षे. संगणक, इलेक्ट्रॉनिक्स आदी शाखांची अभियांत्रिकी पदवी चालते, आणि अन्य शाखेचा पदवीधर नायलिटचा 'बी' स्तर उत्तीर्ण असेल तर तोही पात्र ठरतो. त्या संस्थेचे केंद्र आपल्याच शहरात, विद्यापीठाच्या परिसरात आहे. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये हैदराबादला स्थापन केलेल्या आयडीआरबीटी या संस्थेत या क्षेत्रातील पदव्युत्तर पदविका आहे. आणि ज्याला गाव सोडायचे नाही त्याने हेही ध्यानात घ्यावे की महाराष्ट्र ग्रामीण बँकेचे मुख्यालय आपल्या शहरालगत वाळूज महानगरात आहे आणि ग्रामीण बँकांच्या परीक्षेतही तंत्रज्ञान अधिकाऱ्याचे पद असते. मात्र त्यासाठी एक वर्षाचा अनुभव लागतो. पगाराचे आकडे पाहून वाट निवडू नये. मुलाला परीक्षेचा ध्यास आहे की काम करून शिकण्याचा, हे आधी पाहावे.

शिदोरी आटोपून पुन्हा चढू लागलो. माझे गुडघे कुरकुरत होते. बारादरी ओलांडून शिखराजवळ आलो. तेथे जनार्दनस्वामींची गुहा आहे. स्वामी या गडाचे अधिकारी होते आणि पैठणचे एकनाथ त्यांचे शिष्य. एकनाथांकडे हिशेबाचे काम होते. एके रात्री एका पैचा मेळ बसेना. सारी रात्र दिवा जाळून त्यांनी वह्या धुंडाळल्या आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी ते पाहिले आणि म्हटले, एवढी एकाग्रता भगवंताकडे लावलीस तर काय होईल! ही आख्यायिका मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, यादवांच्या दरबारात हेमाद्री पंडित 'श्रीकरणाधिप' म्हणजे दप्तराचा प्रमुख होता आणि मोडी लिपीच्या प्रसाराचे श्रेय परंपरा त्याला देते. किल्ला म्हटला की आपल्याला तोफा आठवतात. या डोंगरावर वह्यांनीही तितकाच मोठा इतिहास घडवला.

"पण काका," पुतणी म्हणाली, "एका पैसाठी रात्रभर जागायचे कशाला? तेवढी पै खिशातून भरली असती तर?"

हा प्रश्न मला हवा होता. मी तिला माझी गोष्ट सांगितली. ती मी आजवर घरात कोणाला सांगितली नव्हती.

मी १९८१ मध्ये लिपिक म्हणून लागलो तेव्हा शाखेत चामडी पाठीची जाड खतावणी असे. संगणक येणार म्हणून आम्ही सारे धास्तावलो होतो. संघटना आणि बँका यांच्यात १९८३ मध्ये करार झाला, रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि तरीही आमच्या लहानशा गावच्या शाखेत यंत्र पोहोचायला बरीच वर्षे गेली. अखेर एक दिवस सर्व खाती खतावणीतून संगणकात उतरवायची होती. आम्ही चौघे तीन रात्री बसलो. शेवटी बेरीज जुळेना. फरक २,७०० रुपयांचा. वरिष्ठ म्हणाले, उचंत खात्यात टाका आणि दिवस बंद करा. मीही थकलो होतो. टाकला.

तीन आठवड्यांनी एक म्हातारी खिडकीशी आली. तिला ६,००० रुपये काढायचे होते. सुनेला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवले होते. संगणक म्हणाला, शिल्लक ५,८३०. ती म्हणाली, आठ हजारांवर आहेत. पासबुक तिने आणले नव्हते. आकडा तिच्या तोंडी होता. मी पडद्याकडे बोट दाखवले. ती माझ्याशी भांडली नाही. "यंत्र म्हणतं तर तसंच असंल, बाबा," म्हणाली, आणि ५,००० घेऊन गेली.

संध्याकाळी खिडकी बंद करताना तिचे शब्द मनातून जाईनात. जुन्या मुनिमांचा एक नियम आहे: फरकाला नऊने भाग गेला तर दोन आकड्यांची अदलाबदल झाली असावी. २,७०० ला नऊने भागले. तीनशे. मी धावत जुन्या खतावणीकडे गेलो. तिच्या नावापुढे ८,५३० होते. संगणकात आम्ही ५,८३० केले होते, आणि ती नोंद मी स्वतः केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलने तिच्या गावी गेलो आणि तिला बँकेत घेऊन आलो. दवाखान्यासाठी कमी पडलेले हजार रुपये तिने आदल्या रात्री सावकाराकडून उचलले होते. तिने मला एक शब्द लावला नाही. उलट म्हणाली, "तू आलास, दुसरा आला नसता." त्या वाक्याने मला जितके लाजवले तितके कोणत्याही रागाने लाजवले नसते.

बऱ्याच वर्षांनी चातुर्मासातील स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्रातील सत्यव्रताचे अतिचार ऐकताना मी चमकलो. त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणे. आणि न्यासापहारही आहे. ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरून कमी मागू लागला आणि ठेव सांभाळणाऱ्याने 'हो, तेवढीच होती' म्हटले, तर तो न्यासापहार, असा अर्थ टीकाकारांनी दिला आहे. माझी म्हातारी तर विसरलीही नव्हती. विसरलो होतो आम्ही, आणि आमच्या विसरण्यावर यंत्राचा शिक्का बसला होता.

पुतणी कितीतरी वेळ खाली पाहत राहिली. मी म्हटले, "मला म्हातारी दिसली, कारण ती खिडकीशी आली. तुझ्या खिडकीशी कोणी येणार नाही. तुझ्या एका ओळीने लाखो खात्यांना व्याज लागेल, आणि त्यांतील चुकलेला माणूस कोण ते तुला कळणारही नाही. म्हणून तुझी भीती योग्य आहे. ती जाऊ देऊ नकोस. ज्याला ही भीती वाटते, त्यालाच उचंत खाते टोचते."

ती म्हणाली, "तिथे एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही."

"आमच्याकडेही तसेच होते. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने सही. त्या रात्री सही करणाराही थकला होता. नियम असतो; थकल्यावर तो पाळायचा असतो."

उन्हे कलू लागली. अंधारीतून उतरताना पुढे ती होती. तिने माझा हात घट्ट धरला होता, आणि दिवा या वेळी तिने आपणहून लावला.

सूर्य मावळण्याच्या आधी घरी पोहोचलो. जेवताना भावाने काहीच विचारले नाही. पाने उचलल्यावर मात्र तो म्हणाला, "एकच सांग. तुमच्या त्या संगणकात चुकीची नोंद झाली, तर खोडता येते का?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "झालेली नोंद पुसायची नसते. उलट नोंद करून ती फिरवायची. कोणी केली, केव्हा केली, हे दोन्ही ठिकाणी राहते."

माझा भाऊ पस्तीस वर्षे वही लिहितो. खाडाखोड झालेले पान त्याने कधी वहीत राहू दिलेले नाही आणि पान फाडलेही नाही. चूक झाली की तो लाल शाईने उलट रक्कम मांडतो. तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला.

"मग हे आपलेच काम आहे," तो म्हणाला, आणि होकाराचे पत्र पाठवायला तिला उद्याचा दिवस चांगला आहे का, ते पाहण्यासाठी त्याने भिंतीवरचे पंचांग खाली उतरवले.